निर्मित फाइलींचे व्यवस्थापन आणि पुनर्संकलन : सॉफ्टवेअर बांधणीतील विश्वासार्हतेचा प्रश्न

सारांश :

संगणकाची आज्ञावली माणूस ज्या रूपात लिहितो त्या रूपात ती सहसा चालत नाही. लिहिलेल्या मूळ फाइलींपासून टप्प्याटप्प्याने इतर फाइली निर्माण केल्या जातात आणि त्यांतील शेवटची फाइल संगणक चालवितो. मूळ फाइल बदलली, पण तिच्यापासून निर्माण होणारी फाइल जुनीच राहिली, तर वाचलेली आज्ञावली एक आणि चाललेली आज्ञावली दुसरी अशी स्थिती उद्भवते. प्रस्तुत लेखात ‘मेक’ या साधनाच्या १९७६ मधील उगमापासून २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणापर्यंत या प्रश्नाचे विवेचन केले असून, निर्मित फाइलींचे व्यवस्थापन हा केवळ वेळ वाचविण्याचा नव्हे तर विश्वासार्हतेचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मूळ फाइल, निर्मित फाइल, अवलंबन, पुनर्संकलन, मेक, सॉफ्टवेअर बांधणी.

प्रस्तावना :

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील गुणांची नोंदवही आणि विद्यार्थ्याच्या हाती पडणारी गुणपत्रिका यांचे नाते प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाचे आहे. पुनर्मूल्यांकनात गुण बदलले की आधी नोंदवहीत दुरुस्ती होते आणि मग नवी गुणपत्रिका निघते. हाती असलेल्या गुणपत्रिकेवर खाडाखोड करून भागत नाही. तसेच, नोंदवहीत दुरुस्ती झाली परंतु नवी गुणपत्रिका निघालीच नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती राहतो तो कागद खरा असूनही चुकीचा असतो. त्यावर शिक्का असतो, स्वाक्षरी असते. फक्त त्यातील आकडे आता नोंदवहीशी जुळत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या निर्मितीत नेमका हाच प्रश्न दररोज उपस्थित होतो. तेथे नोंदवहीच्या जागी प्रोग्रामरने लिहिलेली मूळ फाइल असते आणि गुणपत्रिकेच्या जागी तिच्यापासून यंत्राने तयार केलेली फाइल असते. फरक इतकाच की मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा फाइली हजारोंच्या संख्येने असतात आणि एका निर्मित फाइलीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी अशी त्यांची साखळी असते. कोणती मूळ फाइल बदलल्यामुळे कोणकोणत्या निर्मित फाइली शिळ्या झाल्या, हे ध्यानात ठेवणे मानवी स्मरणशक्तीच्या आवाक्याबाहेरचे ठरते. म्हणूनच हे काम यंत्राकडे सोपविण्याची गरज निर्माण झाली.

लेखाची उद्दिष्टे :

१. मूळ फाइल व निर्मित फाइल यांतील भेद स्पष्ट करणे.
२. पुनर्संकलन केव्हा आवश्यक आहे हे ठरविण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
३. निर्मित फाइलींच्या हाताळणीतील दोषांचे परिणाम प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे तपासणे.
४. अध्यापनात व संशोधनात उपयोगी पडतील असे काही निकष मांडणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१. मूळ फाइल आणि निर्मित फाइल

मूळ फाइल म्हणजे जी माणूस आपल्या हाताने लिहितो आणि जी नष्ट झाल्यास माणसालाच पुन्हा लिहावी लागेल अशी फाइल. निर्मित फाइल म्हणजे जी एखाद्या साधनाने मूळ फाइलीवरून तयार केली आहे आणि जी नष्ट झाल्यास तेच साधन पुन्हा चालवून मिळविता येते अशी फाइल. सी भाषेतील आज्ञावली कंपायलरकडे दिली की यंत्रभाषेतील ‘ऑब्जेक्ट’ फाइल तयार होते. अशा अनेक ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडल्या की चालविण्यायोग्य आज्ञावली मिळते. मूळ फाइलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याच्या या क्रियेला ‘संकलन’ आणि बदलानंतर ती पुन्हा करण्याला ‘पुनर्संकलन’ असे म्हटले जाते.

निर्मित फाइल नेहमी यंत्रभाषेतच असते असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘गेटटेक्स्ट’ या व्यवस्थेत भाषांतरकार ‘पीओ’ प्रकारच्या फाइलीत इंग्रजी वाक्यासमोर मराठी वाक्य लिहितो. आज्ञावली मात्र ही फाइल वाचत नाही. तिच्यापासून तयार केलेली ‘एमओ’ प्रकारची द्विमान फाइल ती वाचते. भाषांतरकाराने एखाद्या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, परंतु एमओ फाइल पुन्हा तयार केली नाही, तर पडद्यावर चुकीचा शब्दच दिसत राहतो. दुरुस्ती खरी असते, फाइल उघडून पाहिली तर ती दिसतेही. तरीही वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती झालेलीच नसते.

काही निर्मित फाइली तर दिसायला माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीसारख्याच असतात. ‘याक’ हे साधन एखाद्या भाषेच्या व्याकरणाचे नियम घेऊन सी भाषेतील आज्ञावली तयार करते. अशी फाइल संपादकात उघडता येते, बदलताही येते. त्यातच धोका आहे. कारण पुढच्या वेळी याक चालविले की हाताने केलेला बदल कोणतीही सूचना न देता पुसला जातो. गुणपत्रिकेवरील खाडाखोड नव्या छपाईत टिकत नाही, तसाच हा प्रकार होय. म्हणूनच अशा फाइलींच्या आरंभी ‘ही फाइल साधनाने निर्माण केली आहे, हाताने बदलू नये’ अशा अर्थाची सूचना घालण्याचा प्रघात आहे.

२. ‘मेक’चा उगम : वाया गेलेली एक सकाळ

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले. त्याच्या उगमाची हकीकत फेल्डमन यांनी पुढे सांगितली आहे. याक या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी त्यांच्याकडे वैतागून आले. एका आज्ञावलीतील चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. प्रत्यक्षात ती चूक मूळ फाइलीत आधीच दुरुस्त झाली होती. परंतु ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे जोडणीच्या वेळी जुनीच ऑब्जेक्ट फाइल घेतली गेली आणि बरोबर असलेल्या आज्ञावलीत ते चूक शोधत बसले. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ अशाच प्रकारे वाया गेला होता. या अनुभवातून, काय शिळे झाले आहे हे स्वतःच ओळखणारे साधन करण्याची कल्पना पुढे आली.

ही हकीकत केवळ गमतीदार म्हणून महत्त्वाची नाही. भाषांच्या विश्लेषणाची साधने घडविणारा तज्ज्ञदेखील या चुकीपासून सुटला नाही, ही बाब लक्षणीय आहे. चूक ज्ञानाच्या अभावाची नव्हती, ती नोंद ठेवण्याच्या अभावाची होती. फेल्डमन यांनी १९७९ मध्ये ‘सॉफ्टवेअर : प्रॅक्टिस अँड एक्सपीरियन्स’ या नियतकालिकात मेकवरील आपला लेख प्रसिद्ध केला आणि या कार्याबद्दल त्यांना २००३ चा ए.सी.एम. सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार प्राप्त झाला.

३. मेकचे कार्य : अवलंबन आणि वेळ

मेकची कल्पना अत्यंत साधी आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत प्रोग्रामर तीन गोष्टी लिहितो : कोणती फाइल निर्माण करायची आहे, ती कोणकोणत्या फाइलींवर अवलंबून आहे आणि ती निर्माण करण्यासाठी कोणती आज्ञा द्यावयाची आहे. या नियमांवरून मेक अवलंबनाची साखळी उभी करते. त्यानंतर ते प्रत्येक निर्मित फाइलीच्या शेवटच्या बदलाची वेळ तिच्या आधारभूत फाइलींच्या वेळेशी ताडून पाहते. आधारभूत फाइल नंतरची असेल, किंवा निर्मित फाइल अस्तित्वातच नसेल, तर आज्ञा चालविली जाते. अन्यथा ते काम वगळले जाते.

नोंदवहीतील शेवटच्या दुरुस्तीची तारीख गुणपत्रिकेच्या तारखेनंतरची असेल तर गुणपत्रिका नव्याने काढावी, असा हा नियम झाला. त्यासाठी नोंदवही आणि गुणपत्रिका यांतील आकडे ताडून पाहावे लागत नाहीत. दोन तारखा पुरतात. मेकची गती यात आहे, आणि त्याच्या मर्यादाही यातूनच निर्माण होतात.

४. अवलंबनाची अपुरी नोंद

मेक प्रोग्रामरने सांगितलेल्या अवलंबनांवर विश्वास ठेवते. न सांगितलेले अवलंबन त्याला ठाऊक नसते. याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल.

बेरीज-वजाबाकी करणारी एक छोटी गणकयंत्राची आज्ञावली घेऊ. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग टंकलेली अक्षरे वाचून त्यांचे ‘संख्या’, ‘अधिक’, ‘वजा’ असे घटक पाडतो. हा भाग ‘लेक्स’ या साधनाच्या फाइलीपासून तयार होतो. दुसरा भाग या घटकांची रचना व्याकरणानुसार ओळखून उत्तर काढतो. हा भाग याकसारख्या साधनाने व्याकरणाच्या फाइलीपासून तयार होतो. दोन्ही भागांनी एकमेकांशी बोलावयाचे तर प्रत्येक घटकाला एक क्रमांक हवा. हे क्रमांक व्याकरणाच्या फाइलीवरून ठरतात आणि एका निर्मित ‘हेडर’ फाइलीत लिहिले जातात. याकचे प्रचलित रूप असलेल्या ‘बायसन’मध्ये ते घोषणेच्या क्रमाने २५८ पासून सुरू होतात. म्हणजे संख्या २५८, अधिक २५९ आणि वजा २६०.

आता व्याकरणात ‘चल’ हा नवा घटक संख्येच्या पाठोपाठ घातला. नवे क्रमांक झाले : संख्या २५८, चल २५९, अधिक २६०, वजा २६१. व्याकरणाचा भाग नव्याने कंपाइल झाला. परंतु लेक्सची मूळ फाइल बदललेली नाही, आणि तिचा भाग हेडर फाइलीवरही अवलंबून आहे असे मेकफाइलीत लिहिलेले नाही. त्यामुळे मेकने तो भाग जुनाच ठेवला. वापरणाऱ्याने ‘७ - ३’ असे टंकले. जुना भाग वजा चिन्हासाठी २६० हा क्रमांक पाठवितो. नवा भाग २६० चा अर्थ ‘अधिक’ असा घेतो. उत्तर येते १०. कंपायलर तक्रार करीत नाही, जोडणी यशस्वी होते, आज्ञावली सुरळीत चालते आणि उत्तर चुकते. दोन्ही मूळ फाइली कितीही बारकाईने वाचल्या तरी त्यांत चूक सापडणार नाही, कारण चूक त्यांत नाहीच.

यावर उपाय म्हणजे अवलंबनांची नोंद माणसाने न करता साधनाने करणे. जीसीसीसारखे कंपायलर संकलन करतानाच, कोणकोणत्या हेडर फाइली प्रत्यक्ष वाचल्या गेल्या, याची यादी मेकला समजेल अशा रूपात लिहून देऊ शकतात. पुढच्या वेळी मेक ही यादी वाचून निर्णय घेते. अर्थात ही यादीदेखील एक निर्मित फाइलच होय. शिवाय अगदी पहिल्या बांधणीत ती उपलब्ध नसते. त्यामुळे निर्मित हेडर फाइल कंपायलरला लागण्यापूर्वी तयार असली पाहिजे, हा क्रम मेकफाइलीत स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

बायसन एकाच वेळी दोन फाइली निर्माण करते, ही बाबही अडचणीची ठरते. मेकफाइलीतील साध्या नियमात दोन लक्ष्ये एकत्र लिहिली तर मेक त्यांना दोन स्वतंत्र नियम समजते. अनेक कामे समांतर चालू असताना एकच साधन एकाच वेळी दोनदा चालून त्याच फाइलींवर लिहू लागते. ‘एका आज्ञेने या सर्व फाइली मिळून निर्माण होतात’ असे निःसंदिग्धपणे सांगण्याची सोय जीएनयू मेकमध्ये २०२० मध्ये आलेल्या ४.३ या आवृत्तीत प्रथम झाली.

मोठ्या प्रकल्पात प्रत्येक उपविभागासाठी वेगळी मेकफाइल लिहून त्या एकामागून एक चालविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या पद्धतीचा दोष दाखवून दिला. प्रत्येक मेकला अवलंबनाच्या एकूण चित्राचा केवळ एक तुकडा दिसतो. त्यामुळे एका विभागातील बदलाचा दुसऱ्या विभागावरील परिणाम हरवतो, किंवा तो हरवू नये म्हणून सर्वच काम वारंवार करावे लागते.

५. घड्याळावर विसंबण्याच्या मर्यादा

वेळेची तुलना हा मेकचा पाया असल्याने घड्याळातील दोष थेट बांधणीत उतरतो. फाइली जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावर असतील आणि त्या संगणकाचे घड्याळ पुढे असेल, तर आत्ताच लिहिलेली फाइल भविष्यातील ठरते. अशा वेळी जीएनयू मेक बांधणी अपुरी असू शकते असा इशारा देते, परंतु काम थांबवीत नाही. फाइलीची वेळ किती सूक्ष्मतेने नोंदली जाते हेही महत्त्वाचे आहे. फॅट या फाइलव्यवस्थेत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते; तेवढ्या अवधीत दोन बदल झाले तर त्यांतील आधीचा कोणता हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

अर्धवट राहिलेल्या फाइलीचा प्रश्न याहून अधिक फसवा आहे. एखादे साधन निम्मी फाइल लिहून चुकीमुळे थांबले, तर ती निम्मी फाइल मूळ फाइलीपेक्षा नवी असते. पुढच्या वेळी मेक तिला अद्ययावत समजून पुढे जाते. जीएनयू मेकमध्ये अशा अयशस्वी नियमाची फाइल काढून टाकण्याची सोय आहे, परंतु ती मेकफाइलीत स्पष्टपणे मागावी लागते. साधनाने आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहावी आणि काम पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे, ही शिस्त म्हणूनच सर्वमान्य झाली आहे.

याशिवाय, मेक केवळ फाइली पाहते. आज्ञा पाहत नाही. कंपायलरला दिलेला पर्याय बदलला किंवा कंपायलरचीच आवृत्ती बदलली, तरी मूळ फाइलींच्या वेळा त्याच राहतात आणि पुनर्संकलन होत नाही. ‘निंजा’ या नंतरच्या साधनात प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने निर्माण झाली याची नोंद ठेवली जाते आणि आज्ञा बदलली तर फाइल शिळी मानली जाते.

६. अनावश्यक पुनर्संकलन आणि आशयाची तुलना

आतापर्यंत आवश्यक काम राहून जाण्याचा विचार केला. याच्या उलट दोष म्हणजे अनावश्यक काम होणे. एखाद्या मूळ फाइलीतील केवळ टिप्पणी बदलली, तरी तिच्यापासून निर्माण होणारी हेडर फाइल नव्या वेळेसह लिहिली जाते आणि ती वापरणाऱ्या शेकडो फाइली पुन्हा कंपाइल होतात. वरवर पाहता यात हानी नाही. फक्त वेळ जातो. परंतु ज्या बांधणीला तासभर लागतो ती टाळण्याकडे माणसाचा कल होतो, आणि मग तो हाताने फाइलींच्या वेळा बदलण्यासारखे आडमार्ग शोधतो. अशा रीतीने दुसऱ्या दोषातून पुन्हा पहिला दोष जन्म घेतो.

यावरचा एक जुना आणि साधा उपाय जीसीसीच्या बांधणीत आढळतो. निर्मित फाइल आधी वेगळ्या नावाने लिहिली जाते, जुन्या फाइलीशी तिची तुलना केली जाते आणि आशयात फरक असेल तरच जुन्या फाइलीच्या जागी ठेवली जाते. आशय तोच असेल तर जुनी फाइल तिच्या जुन्या वेळेसह तशीच राहते आणि पुढची साखळी हलत नाही.

हाच विचार पुढे नेला की घड्याळ सोडून आशयावर विसंबणारी साधने मिळतात. ‘एसकॉन्स’ आणि गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले ‘बेझल’ ही साधने फाइलीच्या आशयावरून गणिती पद्धतीने काढलेली लहान मुद्रा ताडून पाहतात. आशय तोच तर मुद्रा तीच. मग वेळ कोणतीही असो. बेझल आणखी एक पाऊल पुढे जाते. बंदिस्त वातावरणाची सोय असेल तेथे जाहीर केलेल्या फाइलींव्यतिरिक्त इतर फाइली त्या आज्ञेला उपलब्धच करून दिल्या जात नाहीत. वर पाहिलेल्या गणकयंत्राच्या उदाहरणात हेडर फाइलीचा उल्लेख राहून गेला असता, तर तेथे चुकीचे उत्तर मिळण्याऐवजी बांधणीच अडली असती. चूक लपण्यापेक्षा काम अडणे केव्हाही श्रेयस्कर होय.

७. निर्मित फाइली भांडारात ठेवाव्यात काय?

आज बहुतेक प्रकल्पांच्या मूळ फाइली ‘गिट’सारख्या आवृत्ती-नियंत्रण व्यवस्थेच्या भांडारात ठेवल्या जातात. निर्मित फाइलीही तेथे ठेवाव्यात की नाही, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. ठेवाव्यात असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. ज्याच्याकडे बायसन किंवा तत्सम साधने नाहीत, त्यालाही बांधणी करता येते. याच कारणाने जीएनयू परंपरेत प्रकाशनासाठी तयार केलेल्या संचात ‘कॉन्फिगर’ ही हजारो ओळींची निर्मित फाइल समाविष्ट करण्याची पद्धत पडली.

परंतु गिट फाइलींच्या बदलाची वेळ नोंदवीत नाही. भांडाराची प्रत घेताना प्रत्येक फाइलीला ती संगणकावर लिहिली गेली तेव्हाची वेळ मिळते. व्याकरणाची फाइल बदलून भांडारात घातली, पण नव्याने निर्माण केलेली सी फाइल घालायची राहिली, असे समजू. प्रत घेणाऱ्याच्या संगणकावर दोन्ही फाइली जवळजवळ एकाच क्षणी उतरतात आणि त्यांतील नवी कोणती हे योगायोगावर ठरते. शिळी फाइल नवी ठरली तर मेक तिच्यावर विश्वास ठेवते. म्हणजेच ज्या एका खुणेवरून शिळेपणा ओळखावयाचा, ती खूणच भांडारातून जाताना पुसली जाते.

पोस्टग्रेएसक्यूएल या प्रसिद्ध विदागार व्यवस्थेने या बाबतीत घेतलेला निर्णय उल्लेखनीय आहे. तिच्या प्रकाशित संचात व्याकरणापासून निर्माण केलेल्या फाइली अनेक वर्षे समाविष्ट असत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ व्या आवृत्तीपासून ही पद्धत बंद करण्यात आली. आता बांधणी करणाऱ्याकडे बायसन, फ्लेक्स आणि पर्ल ही साधने असणे आवश्यक आहे. सोय थोडी कमी झाली. परंतु प्रकाशित संच आणि भांडार यांतील अंतर नाहीसे झाले. हे अंतर किती धोकादायक ठरू शकते, हे त्याच वर्षी जगासमोर आले.

८. एक्सझेड प्रकरण (२०२४)

‘एक्सझेड’ ही माहिती आकुंचित करणारी लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविण्यात आला होता. काही वितरणांत दूरस्थ प्रवेश देणारा एसएसएच सर्व्हर अप्रत्यक्षपणे ही लायब्ररी वापरीत असल्याने, विशिष्ट गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला परवानगीविना त्या संगणकावर आज्ञा चालविता आल्या असत्या. हे कृत्य करणाऱ्या सहव्यवस्थापकाने त्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्पात काम करून विश्वास संपादन केला होता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की हल्ल्याचा आरंभ करणारा मजकूर गिट भांडारात नव्हताच. चोरदरवाजाचा यंत्रभाषेतील भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपाने भांडारात ठेवला होता. तो बांधणीच्या वेळी बाहेर काढणाऱ्या ओळी मात्र केवळ प्रकाशित संचातील एका ‘एमफोर’ फाइलीत होत्या. भांडारात नसलेल्या पण संचात असलेल्या अशा फाइली साधनांनी आणून ठेवलेल्या असतात, असा सर्वांचा अनुभव असल्याने कोणाला संशय आला नाही. भांडार वाचणाऱ्याला सर्व काही निर्दोष दिसत होते आणि बांधणी करणारा मात्र काही वेगळेच बांधत होता.

पोस्टग्रेएसक्यूएलचे विकासक अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याचा छडा लावत ते या लायब्ररीपर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही बाब जाहीर केली. तोपर्यंत या आवृत्त्या डेबियन व फेडोरा यांच्या केवळ विकासाधीन शाखांत पोचल्या होत्या. सर्वसाधारण वापराच्या स्थिर आवृत्त्या बचावल्या.

केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात, कंपायलरमध्येच लपविलेला चोरदरवाजा मूळ फाइली वाचून कधीच सापडणार नाही, हे दाखवून दिले होते. एक्सझेड प्रकरणाने त्या इशाऱ्याचे गांभीर्य पुन्हा अधोरेखित केले. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून चालू असलेले ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चे प्रयत्न याच दिशेचे आहेत. त्याच मूळ फाइली, तीच साधने आणि तेच वातावरण दिल्यास दोन वेगळ्या व्यक्तींना अक्षरशः एकसारखी निर्मित फाइल मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. तथापि हा उपायही मूळ संच शुद्ध असल्याचे गृहीत धरतो. दूषित संचापासून दोघांनी केलेली बांधणी एकसारखीच दूषित येईल. म्हणूनच संच आणि भांडार यांची तुलनाही तितकीच आवश्यक ठरते.

९. अध्यापन व संशोधनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बांधणी बिघडली की ‘सर्व निर्मित फाइली पुसून पुन्हा बांधा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. लहान प्रकल्पात तो उपयोगी पडतो. परंतु त्याने रोगाचे निदान होत नाही. पुसल्यावर बिघाड नाहीसा झाला, याचा अर्थ बहुधा मेकफाइलीतील एखादे अवलंबन नोंदायचे राहिले आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे परीक्षण करताना पुढील चार कसोट्या लावता येतील :

(अ) केवळ मूळ फाइली रिकाम्या निर्देशिकेत घेऊन बांधणी पूर्ण होते काय?
(आ) काहीही न बदलता दुसऱ्यांदा बांधणी केली असता एकही आज्ञा चालत नाही, असे घडते काय?
(इ) एखादी हेडर फाइल बदलली असता ती वापरणाऱ्या सर्व फाइली, आणि त्यांवर अवलंबून असलेल्याच, पुन्हा निर्माण होतात काय?
(ई) कोणतीही एक निर्मित फाइल पुसली असता ती जशीच्या तशी परत मिळते काय?

हा विचार संगणकशास्त्रापुरता मर्यादित नाही. अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या प्रबंधातील सारणी ही सर्वेक्षणाच्या माहितीपासून निर्माण झालेली असते. माहितीतील दुहेरी नोंदी वगळल्यानंतर तिसऱ्या प्रकरणातील सारणी नवी झाली आणि पाचव्या प्रकरणातील आलेख जुनाच राहिला, तर तो दोष गणकयंत्राच्या उदाहरणातील दोषाहून वेगळा नाही. सारणी आणि आलेख हाताने न चिकटविता मूळ माहितीपासून आज्ञेने निर्माण करण्याची सवय लागल्यास असे दोष टळतील.

निष्कर्ष :

१. निर्मित फाइलीला स्वतंत्र प्रामाण्य नसते. ती कोणत्या मूळ फाइलीपासून, कोणत्या साधनाने निर्माण झाली हे सांगता आले तरच ती विश्वसनीय ठरते.
२. पुनर्संकलनाचा निर्णय स्मरणशक्तीवर सोडणे धोक्याचे आहे. तसेच अवलंबनांची यादीही शक्यतो साधनाकडूनच करवून घ्यावी.
३. वेळेची तुलना जलद असली तरी घड्याळ, अर्धवट फाइली आणि भांडारातून होणारी नक्कल यांमुळे ती फसू शकते. आशयाची तुलना अधिक विश्वसनीय आहे.
४. निर्मित फाइली भांडारात ठेवू नयेत. ठेवणे अपरिहार्य असल्यास साधनाची आवृत्ती नोंदवावी आणि त्या पुन्हा निर्माण करून ताडून पाहण्याची स्वयंचलित व्यवस्था असावी.
५. प्रकाशित संच आणि भांडार यांतील प्रत्येक फरकाचे स्पष्टीकरण उपलब्ध असले पाहिजे.

समारोप :

१९७६ मध्ये वाया गेली होती ती एका संशोधकाची सकाळ. २०२४ मध्ये धोक्यात आली होती ती असंख्य संगणकांची सुरक्षितता. दोन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता : जे वाचले, तेच चालत आहे काय? पहिल्या प्रसंगी फाइल जुनी राहिली होती, दुसऱ्या प्रसंगी ती मुद्दाम वेगळी केली होती. निष्काळजीपणा आणि कपट यांत नैतिक अंतर मोठे असले, तरी दोहोंना वाव मिळतो तो मूळ आणि निर्मित यांच्यातील न तपासलेल्या अंतरामुळेच. ते अंतर मिटविण्याची शिस्त विद्यार्थिदशेतच लागली, तर बांधणीचे नियम हा पाठ्यक्रमातील दुर्लक्षित तांत्रिक तपशील न राहता बौद्धिक प्रामाणिकपणाचा एक संस्कार ठरेल.